इंग्रजी पुस्तकासाठी सेरिफ फॉन्ट कसा निवडावा

यादीतली नावं वाचत सेरिफ फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला फॉन्ट, निवडायला बसलं की तासभर जातो आणि शेवटी टाइम्स न्यू रोमनच कायम होतो. हा फॉन्ट १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी तयार झाला. अरुंद रकान्यात जास्त शब्द मावावेत म्हणून त्याची अक्षरं जरा आवळलेली आहेत आणि पुस्तकाच्या लांब ओळीत ती दाटी जाणवते.

त्यामुळे आधी दोन-तीनच उमेदवार ठरवा. कथा-कादंबरीला गॅरामाँड सहसा धोका देत नाही. मात्र या नावाचे अनेक फॉन्ट मिळतात आणि त्यातले काही तर मुळात गॅरामाँड या कारागिराच्या नव्हे, तर ज्याँ जानों या नंतरच्या कारागिराच्या छपाईच्या खिळ्यांवरून (धातूच्या अक्षरांवरून) घेतलेले आहेत. ईबी गॅरामाँड मोफत आहे, सुरुवात त्याने करा. बास्करव्हिलमध्ये जाड-बारीक रेघांतला फरक जास्त असतो, म्हणून तो गुळगुळीत कागदावर खुलतो. बोदोनी शीर्षकाला ठेवा. दहा पॉइंटला (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) त्याच्या केसासारख्या रेघा दिसेनाशा होतात.

आता खरं काम. आपल्याच मजकुराचं एक पान घ्या, ज्यात संवाद, साल, विशेषनामं, इटॅलिक असं सगळं असेल. प्रत्येक फॉन्टमध्ये ते लावा आणि पुस्तकाच्याच आकारात कागदावर छापा. पडद्यावर पाहून निकाल देऊ नका. अकरा पॉइंटचा गॅरामाँड अकरा पॉइंटच्या बास्करव्हिलपेक्षा लहान भासतो, कारण त्याच्या छोट्या लिपीतल्या अक्षरांची उंचीच कमी असते. तेव्हा पॉइंटचा आकडा विसरून दोन्ही पानं डोळ्यांना सारखी दिसतील असं आधी करा आणि मगच तुलना करा.

छापलेल्या पानावर काय बघायचं? 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम' वाटतो का? एकचा आकडा, मोठा 'आय' आणि छोटा 'एल' वेगळे ओळखू येतात का? इटॅलिकमधला छोटा 'ए' नीट पाहा. खऱ्या इटॅलिकमध्ये त्याच्या डोक्यावरचं छत जातं आणि नुसता गोल व दांडी उरते. छत तसंच राहून अक्षर फक्त कललेलं दिसलं, तर बहुधा सॉफ्टवेअरने सरळ अक्षरच वाकवलंय. तो फॉन्ट सोडा. सालाचे आकडे ओळीत डोकं वर काढून उभे दिसत असतील, तर ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारात मिळणाऱ्या सोयींमध्ये जुन्या वळणाचे, वरखाली होणारे आकडे आहेत का ते शोधा.

आकार साधारण दहा ते साडेअकरा पॉइंट आणि ओळींमधलं अंतर त्याहून दोन-तीन पॉइंट जास्त ठेवा. एका ओळीत मोकळ्या जागा धरून साठ-सत्तर अक्षरं पुरेत. ओळ फार लांबली की नजर परत येताना चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. अशा वेळी फॉन्ट बदलण्याआधी समास वाढवून पाहा.

ई-बुकही काढणार असाल तर परवाना वाचून घ्या. विकतच्या बऱ्याच फॉन्टना छपाईची मुभा असते, पण फाइलमध्ये फॉन्ट जोडून देण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.