खाकी कव्हरं, पाण्याची वेळ आणि पाचवी ते आठवी

२०१९ चा जून. पाचवीत नवीन आलेला एक मुलगा रोज सगळ्या विषयांची पुस्तकं-वह्या घेऊन शाळेत यायचा. एकदा दप्तर उचलायला गेले आणि हातच खाली गेला. आरोग्य तपासणीच्या काट्यावर ठेवलं तर साडेसहा किलो. मुलगा स्वतः २६ किलोचा. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको, असा शासन निर्णय २०१५ मध्येच झालेला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "वेळापत्रक डायरीत चिकटवून दिलंय. बघतच नाही. हट्टी आहे हो." मीही आठवडाभर तेच खरं मानलं.

मग एक दिवस त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "परिसर अभ्यास भाग दोन काढा." त्याने पाच पुस्तकं बाकावर काढली, सगळी खाकी. एकेक उघडायचा, आतलं चित्र बघायचा, मिटायचा. चौथ्या पुस्तकात नकाशा दिसला तेव्हा चेहरा सुटला, पण तोवर फळ्यावर चार ओळी लिहून झाल्या होत्या. चौथीपर्यंत तो पुस्तक मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखायचा. नव्या शाळेचा नियम असा की सगळ्यांना खाकी कव्हर आणि उजव्या कोपऱ्यात लेबल. लेबल वाचायला त्याला वेळ लागायचा, त्यात 'भाग १' आणि 'भाग २' तर जुळी भावंडंच. त्यामुळे सगळंच घेऊन यायचं, हा त्याने स्वतः काढलेला तोडगा होता. दहा वर्षांच्या मुलाने याहून शहाणपणाचं काय करायचं?

मी कुर्ला ते विक्रोळी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांत १४ वर्षं विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग आणि शिकायला अडचण येणाऱ्या मुलांची शिक्षिका, म्हणून काम करते आहे. या क्षेत्रात नुकतेच आलेले विशेष शिक्षक आणि समुपदेशक, तसंच 'समावेशित शिक्षणाचं (म्हणजे अशा मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचं) तुम्हीच बघा' असं मुख्याध्यापकांनी ज्यांच्या गळ्यात घातलं आहे ते विषयशिक्षक, अशांसाठी हे लिहिते आहे. प्रशिक्षणात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पाठ करून घेतात. १९९५ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे ७ प्रकार त्यात २१ कसे झाले, हे परीक्षेत हमखास येतं. खाकी कव्हराचं कुणी सांगत नाही.

पुढचं ऐका, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. मी वर्गशिक्षिकेकडे त्या एका मुलासाठी खाकी कव्हरातून सूट मागितली. त्या म्हणाल्या, "एकाला दिली की उद्या दहा पालक दारात." मला राग आला होता. आज वाटतं, नाही म्हणाल्या ते बरंच झालं. त्याच्या एकट्याचं पुस्तक रंगीत दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला 'का' ते कळलं असतं. जुलैच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात निम्म्या वर्गाच्या कव्हरांचा लगदा झाला, तेव्हा पालकसभेत मी विषय काढला की सगळ्यांनाच पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर का नको? आयांनी एका सुरात हो म्हटलं. वाचनाच्या अडचणीबद्दल चकार शब्द निघाला नाही. मुलाचं दप्तर पंधरा दिवसांत हलकं झालं. तेव्हापासून कुठलीही सवलत मागायच्या आधी मी स्वतःला विचारते की ही सगळ्या वर्गालाच देता येईल का. पुष्कळदा येते.

पाचवी आणि आठवी हे दोन सांधे, इथे मुलाची शाळा एकदम बदलते. चौथीपर्यंत एक बाई दिवसभर असतात. मूल गप्प आहे की तापलंय, हे त्यांना हजेरी घेतानाच कळतं. पाचवीत पस्तीस मिनिटांनी घंटा, सात-आठ शिक्षक, प्रत्येकाची वही वेगळी, फळा पुसायची घाई वेगळी. कुणालाच पूर्ण मूल दिसत नाही. गणिताच्या सरांना तो बरा वाटतो, मराठीच्या बाईंना आळशी, चित्रकलेच्या सरांना वर्गातला सगळ्यात हुशार, आणि तिघांची गाठ फक्त पगाराच्या दिवशी. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत मी चाचणी-बिचणी काही घेत नाही. फक्त बघते. मधल्या सुट्टीत कोण कुणाबरोबर डबा खातं, शौचालयाला कोण अजिबात जात नाही, घंटेनंतर कोण जागेवरच बसून राहतं, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून कोण उतरवतं. आणि शिपाईमामांशी, खिचडी वाढणाऱ्या मावशींशी बोलते. जूनअखेर त्यांच्याकडे जी माहिती असते ती स्टाफरूममध्ये नसते. एका मुलीला ऐकू कमी येतं, हे मला प्रथम मावशींनी सांगितलं. "पाठमोरी असली की ताट पुढे करत नाही हो ती." नंतर श्रवणचाचणीत तेच निघालं.

आठवीचा सांधा मुंबईत आणखी वेगळा. जागेअभावी इथे बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात. पाचवी ते सातवी दुपारी आणि आठवी ते दहावी सकाळी, ही नेहमीची वाटणी. सातवीपर्यंत कधीही उशीर न झालेली एक मुलगी आठवीत रोज वीस मिनिटं उशिरा येऊ लागली. आधी फाटकाबाहेर उभं राहायचं, मग डायरीत शेरा, मग 'पालकांना घेऊन ये'. पालक येईनात, मग मुलगीही येईना. मी घरी गेले. गल्लीत नळाला पाणी सकाळी सहा ते सात. आई पहाटेच धुण्याभांड्यांच्या कामाला बाहेर पडलेली, वडील रात्रपाळीचे. दोन ड्रम आणि चार कळश्या भरायची जबाबदारी तिची. सातवीत शाळा साडेबाराची होती, त्यामुळे पाणी भरून, जेवून, वेणी घालून ती वेळेआधी हजर. मुलगी तीच होती, वेळ बदलली होती. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी नकोत, असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये झाला. आठवीला तो लागू नाही, आणि पाण्याला तर कुठलाच निर्णय लागू नाही. तोडगा साधाच निघाला. शेजारच्या काकूंनी ड्रम लावायचा, मुलीने संध्याकाळी त्यांच्या धाकट्याचा अभ्यास घ्यायचा. हे मी सुचवलेलं नाही, काकू आपणहून म्हणाल्या. मी फक्त मुख्याध्यापकांना गाठून तीन आठवडे फाटकावरची शिक्षा थांबवून घेतली. घरभेटीला जाताना वही काढून बसू नका. चहा घ्या, ड्रमकडे लक्ष ठेवा.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी वाचनात मागे असलेल्या सहा मुलांना वर्गातून काढून माझ्या खोलीत आणायचे. गणित, विज्ञान बुडायला नको म्हणून पीटीचा तास निवडला. वेळापत्रकात तो 'मोकळा' दिसत होता. महिनाभरात खोलीला नाव पडलं, 'ढ वर्ग'. त्यातल्या एका मुलाची अख्ख्या शाळेत एकच ओळख होती, वर्गाच्या कबड्डी संघातला पहिला चढाईपटू. ती मी काढून घेतली होती, तीही त्याचं भलं करायला. त्याने भांडण केलं नाही, नुसतं तोंड मिटलं. सप्टेंबरात एका सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. आज मी शक्य तो वर्गातच जाते, मागे बसते, चार बाकांवर फिरते. त्यातल्या दोन बाकांवर मदत न लागणारी मुलं असतात, मुद्दाम. वेगळ्या खोलीत नेणं अगदी लागलंच, ब्रेल किंवा वाचा-उपचार असेल, तर वेळ मुलाला विचारून ठरवते. पीटी, चित्रकला, कार्यानुभव यांना हात लावत नाही.

कागदपत्रांकडे येऊ. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मुलं इथेच गळतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातलं कलम ४ आणि कलम ५ छापून जवळ ठेवा. कधीच शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४. नाक्यावर कामाला आलेल्या जोडप्याची बारा वर्षांची मुलगी 'तिसरीत बसवा' म्हणून परत पाठवली जाते तेव्हा हे कामी येतं. आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. कलम दाखवताना आवाज चढवू नका. कार्यालयातल्या क्लार्कना बहुतेक वेळा 'सरल'मध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन सरकारी नोंदीत, नाव कसं ओढायचं याची चिंता असते, तुमच्याशी वैर नसतं. त्यांच्या शेजारी बसून अर्ज भरलात तर काम होतं.

अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या खास अडचणीचा, दाखला हा पालकांच्या आशेचा आणि गैरसमजाचा विषय. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायरमध्ये तपासणीची सोय आहे. चाचण्या एका दिवसात होत नाहीत. रोजंदारीवरच्या बापाला प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. म्हणून शाळेचं पत्र, गुणपत्रकं, विषयांच्या वह्या (कोऱ्या नव्हेत, चुकांनी भरलेल्या) हे सगळं पहिल्याच फेरीला पिशवीत घालून द्या. वह्या 'चांगल्या दिसाव्यात' म्हणून आया रात्री बसून मुलाकडून पुन्हा लिहून घेतात, ते आधीच थांबवा. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पहिला दाखला आठव्या वर्षी, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असा क्रम आहे. चौदावं वर्ष बरोबर आठवी-नववीत येतं. शालान्त परीक्षेला तासामागे २० मिनिटं जादा मिळवायची धावपळ दहावीच्या जानेवारीत सुरू केली तर पदरात काही पडत नाही. आणि पालकांना 'मार्क वाढतील' असं सांगू नका. 'लिहायला पुरेसा वेळ मिळेल' एवढंच खरं आहे.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिचं नूतनीकरण करत राहावं लागतं. श्रवणदोषासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, विशेष बीएडसाठी जुहूचं एसएनडीटी, समाजकार्य आणि समुपदेशनाकडे जायचं असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. कुठूनही या, पहिले सहा महिने शाळा तुम्हाला बदली शिक्षक म्हणूनच वापरणार. कुरकुर न करता बदलीचे तास घ्या. शिक्षक नसलेल्या वर्गात मुलं जितकी खरी दिसतात तितकी कुठे दिसत नाहीत.

शेवटचं काम मार्चमधलं. महापालिकेच्या अनेक शाळा सातवीला संपतात. मुलांना नव्या शाळेत पाठवताना मी प्रत्येकामागे एका पानाचं पत्र देते. पूर्वी त्यात मुलाच्या अडचणीचं निदान वरती लिहायचे. समोरचे शिक्षक तो एक शब्द वाचून पान मिटायचे. आता वरती असं असतं: 'फळ्यावरून उतरवायला वेळ लागतो, पण तोंडी विचारलं तर पूर्ण सांगतो. खिडकीच्या बाजूला बसवू नका, ऊन डोळ्यांवर आलं की डोकं दुखतं. रागावलात तर हसतो, तो उद्धटपणा नाही, घाबरतो म्हणून. तबला वाजवतो.' निदान तळाला, दाखल्याच्या प्रतीसह. आणि आधी ते पत्र मुलाला वाचून दाखवते. मागच्या वर्षी एका मुलीने 'मैत्रिणी कमी आहेत' ही ओळ खोडायला लावली. म्हणाली, "बाई, तिकडे मला कोण ओळखतच नाही ना. मग हे कशाला सांगता?"

खोडली. मग तिला आणि आणखी चौघांना घेऊन मी एका शनिवारी नव्या शाळेपर्यंत पायी गेले. रेल्वेचा पूल, मोठा रस्ता, सिग्नल, फाटक. शौचालय आणि पाण्याचा नळ कुठे ते बघितलं. येताना पाचही जणांनी वडापावसाठी थांबायला लावलं आणि त्या मुलीने पुलाच्या पायऱ्या मोजल्या, जाताना आणि येताना. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, म्हणून जूनमध्ये पुन्हा मोजणार आहे म्हणाली.