डिजिटल लॉक घ्यायचं की किल्लीच बरी? आधी दार तपासा

फ्लॅटला डिजिटल लॉक बसवायचं ठरलं की लोक लगेच 'कुठल्या कंपनीचं?' विचारतात. ते नंतर. आधी मोजपट्टी घेऊन दारापाशी उभे राहा. दाराची जाडी मोजून ठेवा, कारण प्रत्येक मॉडेलला जाडीची मर्यादा असते. मग चौकट बघा. बोल्ट, म्हणजे कुलपातून बाहेर येणारा दांडा, ज्या पट्टीत शिरतो ती दोन आखूड स्क्रूंवर टेकलेली असेल, तर कुलूप किल्लीचं असो वा बोटाच्या ठशाचं, दणकून लाथ बसली की पट्टीच उखडते. लांब स्क्रू मारून घ्या. काम किरकोळ खर्चाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

पावसाळ्यात दार फुगतं का? आपण खांद्याने रेटून किल्ली फिरवतो. डिजिटल लॉकमध्ये बोल्ट सरकवणाऱ्या छोट्या मोटारीला खांदा नसतो. बोल्ट अडला की ती जोर लावत राहते आणि बॅटरी लवकर बसते. म्हणून सुताराकडून दार रंधून घ्या, लॉक मागाहून.

आता घराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते आठवा. स्वयंपाकाच्या मावशी, शेजारचे काका, आधीचा भाडेकरू... साध्या किल्लीची डुप्लिकेट चावीवाला उभ्या उभ्या करून देतो. ही यादी लांबलचक निघाली तर डिजिटल लॉक घ्या, कारण त्याचा खरा उपयोग इथेच आहे. मावशींना वेगळा कोड द्यायचा (काही मॉडेलांत तो ठरावीक वेळेतच चालतो), त्यांनी काम सोडलं की तेवढाच पुसायचा. बाकी कोणाला त्रास नाही. घरात दोनच माणसं आणि दोघांकडे किल्ल्या असतील, तर माझ्या मते चांगलं सिलिंडर लॉक (किल्ली शिरते त्या दंडगोल भागात पिना असलेलं कुलूप) पुरे.

दुकानात गेलात की विक्रेता ठसा, कार्ड, ॲप दाखवेल. तुम्ही मात्र आणीबाणीची किल्ली मागा. बऱ्याच डिजिटल लॉकमध्ये झाकणाखाली किल्लीचं भोक लपवलेलं असतं आणि आत बहुधा तेच पिनांचं सिलिंडर. किल्लीच्या दातांनी स्प्रिंगवरच्या पिना नेमक्या उंचीवर आल्या की आतली नळी फिरते; लायनस येल ज्युनियरने 1861 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशाच कुलपाचं. हे सिलिंडर स्वस्तातलं असेल तर चोर ठशाच्या वाटेला जाणारच नाही. साध्या दात्यांपेक्षा खड्डे पाडलेली किल्ली, चावीवाल्यांच्या भाषेत कम्प्युटर चावी, कधीही बरी.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या आणि तिथेच अंगठा लावून बघा. वयाने, भांडी घासून किंवा सिमेंटच्या कामाने रेषा झिजतात आणि सेन्सर ओळख देत नाही. कणकेचा हात तर सोडाच. प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं नोंदवा, शिवाय कोडही पाठ करून घ्या.

बसवून झाल्यावर दार उघडं ठेवूनच सगळं तपासायचं. कंपनीचा मूळ मास्टर कोड आधी बदला. वाढदिवस नको, गाडीचा नंबर तर नकोच. टचपॅडवर बोटांचे डाग उमटतात, त्यामुळे कोडच्या मागेपुढे भलते आकडे दाबू देणारं मॉडेल असेल तर ती सोय वापरा.

बहुतेक लॉक पेन्सिल सेलवर चालतात, म्हणजे वीज गेल्याने अडत नाही. अल्कलाइन सेल घाला. रिचार्जेबल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे असतात, त्यामुळे 'बॅटरी कमी'ची सूचना भलत्याच वेळी येते. पूर्ण बंद पडलंच तर काही मॉडेलांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवता येते, काहींना पॉवर बँक. आणि आणीबाणीची किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नका! ऑफिसात किंवा बहिणीकडे ठेवा.

किल्लीवरच राहणार असाल तर कुलपात खोबरेल तेल सोडणं थांबवा. धूळ चिकटून पिना अडकतात. ग्राफाइटची पूड चालते. किल्ली हरवली तर अख्खं लॉक बदलायची गरज नाही. मॉर्टिस लॉकच्या (दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपाच्या) दाराच्या कडेला, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली घालून किंचित फिरवा आणि हळूच ओढा. किल्लीबरोबर फिरणारा दाता सिलिंडरच्या अंगाच्या रेषेत आला की सिलिंडर अलगद बाहेर येतं. किल्लीच नसेल तर मात्र हे काम चावीवाल्याचं. निघालेलं सिलिंडर तसंच हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्याच मापाचं मागा.