सबवूफर खोलीशी जुळवताना: आधी जागा, मग वेळ, शेवटी ईक्यू

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या बंगल्यातला नेहमीचा हॉल घ्या. प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. लाकडी चौकटीवरच्या जिप्समच्या भिंती थोड्या थरथरतात आणि बेस (खालचे, जाड सूर) काही प्रमाणात गिळतात. नऊ इंची वीट गिळत नाही. त्यामुळे एखाद्या सुराला खोली घुमते आणि त्याच्या शेजारचा सूर गायब होतो. रूम करेक्शनने, म्हणजे खोली माइकने मोजून आवाज आपोआप दुरुस्त करण्याने, हे बरंच सावरतं, पण नुसतं बटण दाबून जे होतं ते अर्धवटच असतं. बहुतेक घरांत खरी चूक ईक्यूची, म्हणजे सूर कमी-जास्त करण्याची, नसते. सब (बेस वाजवणारा सबवूफर) आणि स्पीकर एकमेकांच्या वेळेत नसतात.

खोलीचं गणित

५६८ या आकड्याला (आवाज सेकंदाला जितके फूट जातो त्याचा निम्मा) खोलीच्या फुटांतल्या मापाने भागा. १६ बाय ११ चा हॉल, उंची १० फूट: लांबीचा पहिला मोड (ज्या सुराला खोली त्या दिशेने घुमते) साधारण ३५ हर्ट्झ, रुंदीचा ५२, उंचीचा ५७. घुमणारे सूर याच आकड्यांच्या आसपास सापडतील. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ३५ ला खड्डा पडतो, म्हणजे तो सूर दबतो; मागच्या भिंतीला टेकलात तर तिथेच ढीग, म्हणजे तो फुगतो. सोफा मागच्या भिंतीपासून पाच-साडेपाच फूट पुढे ओढता आला तर अर्धं काम झालं.

५६८ हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. ४२ अंशांना आवाज जास्त वेगाने जातो आणि तोच आकडा ५८५ च्या जवळ येतो, म्हणजे ३५ चा मोड एक हर्ट्झभर वर सरकतो. अरुंद फिल्टर लावले असतील तर एवढा फरकही पुरतो. म्हणून मे महिन्यात खोली आधी एसीने नेहमीइतकी गार करा, मग एसी बंद करून मोजा. कुलर आणि पंखाही बंद. यंत्रमागाच्या शेडजवळ घर असेल तर माग थांबलेले असतानाच बसा. त्यांची धडधड खालच्या पट्टीतच असते आणि माइक ती इमानदारीने टिपतो. गड्ड्याच्या यात्रेचे आणि मिरवणुकांचे दिवस सोडूनच द्या.

भिंतीवर चादर टांगायचा सल्ला हमखास मिळतो. सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी ती वरचा आवाज मऊ करते, बेसला हात लावत नाही. ३५ हर्ट्झची लहर दहा मीटरच्या घरात असते. तिच्यापुढे कापडाची जाडी काहीच नाही.

लागणारं सामान

रिसीव्हर (स्पीकर आणि सब ज्याला जोडतात तो अँप्लिफायर) आणि त्याच्यासोबत आलेला माइक, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, एचडीएमआय असलेला लॅपटॉप, रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माइक. यूमिकच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल उतरवून सॉफ्टवेअरमध्ये भरा. दोन सब असतील आणि रिसीव्हरला ते वेगवेगळे हाताळता येत नसतील, तर मिनीडीएसपी २ बाय ४ एचडी हा छोटा प्रोसेसर रिसीव्हर आणि सब यांच्यामध्ये घाला.

सबची जागा

सब तात्पुरता सोफ्यावरच्या मुख्य जागी ठेवा. मग माइक जमिनीवर, जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे अशा प्रत्येक ठिकाणी नेऊन १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) घ्या. ध्वनीच्या नियमाने जागांची अशी अदलाबदल चालते. ज्या ठिकाणची सॉफ्टवेअरमधली रेघ सर्वांत कमी खड्ड्यांची, तिथे सब. रेघ उंच असली तरी चालेल, कारण ढीग नंतर कापता येतो. खड्डा भरता येत नाही: १० डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरकडे दहापट शक्ती मागावी लागते, आणि खोली तीही परतवून लावते.

दोन सारखे सब असतील तर पुढच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एक, हे पहिलं करून बघा. लांबीचा पहिला मोड दोघे मिळून मारतात, आणि रुंदीच्या मध्यावर असल्याने रुंदीचा पहिला मोड फारसा उठतच नाही. दोन्ही एकाच कोपऱ्यात रचले तर आवाज वाढेल, सपाटी येणार नाही.

सबवरचे नॉब

क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यात सूर वाटून देणारी सीमा) नॉब पूर्ण वर किंवा एलएफईवर, म्हणजे सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला. तो मध्येच राहिला तर रिसीव्हरचा आणि सबचा असे दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि ८० च्या आसपासचा बेस पातळ होतो. फेज (लहर किती मागे-पुढे सरकवायची ते) ० वर, सबमधला मूव्ही किंवा म्युझिक मोड बंद, ऑटोऐवजी कायम चालू. गेन (सबच्या आवाजाची पातळी) एवढा ठेवा की रिसीव्हरच्या टेस्ट टोनला सोफ्यापाशी ७५ डेसिबलच्या आसपास यावं. दोन सब असतील तर एकेक चालू करून दोघांचा गेन सारखा करा, मग दोघांचा एकत्र स्वीप घ्या. एकत्र रेघ कुठे एकट्या सबच्याही खाली गेली तर ते एकमेकांना खात आहेत. जवळच्या सबला मिनीडीएसपीत मिलीसेकंद-मिलीसेकंदाने डिले (उशीर) देत जा. एक मिलीसेकंद म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर.

ऑटो कॅलिब्रेशन

रिसीव्हरसोबतचा माइक ट्रायपॉडवर, टोक वर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवलेला माइक परावर्तन मोजतो. पहिली जागा मुख्य आसनाची आणि ती अगदी नेमकी हवी, कारण अंतर आणि पातळी रिसीव्हर बहुधा तिथूनच ठरवतो. ऑडिसी मल्टीईक्यू एक्सटी ३२ हे रिसीव्हरमधलं रूम करेक्शन आठ जागा घेतं. त्या सगळ्या मुख्य जागेच्या दोन फुटांच्या आत ठेवा. चार माणसांच्या सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत माइक नेलात तर सगळ्यांसाठी सरासरी निघते आणि कोणालाच नीट ऐकू येत नाही.

झाल्यावर निकाल वाचा. सबची ट्रिम (रिसीव्हरने लावलेली पातळी) -१२ आली असेल तर डेनॉन-मरांट्झवर ती तळाची मर्यादा आहे. खरं माप आणखी खाली असू शकतं. गेन थोडा कमी करून पुन्हा चालवा. मोठे स्पीकर 'लार्ज' (सगळा बेस स्पीकरकडेच) लागले असतील तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० वर न्या. आलेला क्रॉसओव्हर वर नेला तर चालतो. खाली आणू नका, त्याच्या खाली त्या स्पीकरचं करेक्शनच झालेलं नसतं. बेस सब आणि स्पीकर दोघांकडे पाठवणारा 'एलएफई प्लस मेन' बंद.

सब दहा फुटांवर आणि स्क्रीनवर सोळा फूट दिसतंय? टेप घेऊन तो आकडा 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर रिसीव्हरने अंतरात धरलेला असतो.

वेळ जुळवणं

इथे घाई करू नका. ८० हर्ट्झच्या लहरीचा अर्धा फेरा सवासहा मिलीसेकंदांचा, म्हणजे सात फुटांच्या आसपास. अंतराचा आकडा तेवढा चुकला तर सब आणि स्पीकर क्रॉसओव्हरवर एकमेकांना पुसून टाकतात, आणि मग घरमालक नवा, मोठा सब आणायला निघतो.

लॅपटॉप एचडीएमआयने जोडा. डायनॅमिक ईक्यू आणि डायनॅमिक व्हॉल्यूम (आवाजाच्या पातळीनुसार आपोआप बदल करणाऱ्या रिसीव्हरच्या सोयी) बंद. प्युअर डायरेक्टही बंद, नाहीतर करेक्शन लागूच होत नाही. डाव्या चॅनलवर कमी आवाजापासून सुरुवात करून तीन स्वीप घ्या: सब बंद ठेवून फक्त स्पीकर, स्पीकरची तार काढून फक्त सब, आणि दोन्ही. तार काढताना रिसीव्हर बंद हवा. ५० ते १२० या पट्ट्यात तिसरी रेघ पहिल्या दोन्हींच्या वर राहायला हवी. दोन्ही सारख्या पातळीवर असतील तिथे जास्तीत जास्त ६ डेसिबल वर. ती खाली गेली तर वेळ चुकली आहे.

दुरुस्तीची खात्रीची रीत उलटी आहे. सबचा फेज मुद्दाम १८० करा. आता रिसीव्हरमधलं सबचं अंतर एकेक फुटाने बदलत प्रत्येक वेळी दोन्हींचा स्वीप घ्या आणि ८० ला सर्वांत खोल खड्डा कुठे पडतो ते शोधा. खड्डा टोकदार असतो, म्हणून तो उंचवट्यापेक्षा सहज सापडतो. तो आकडा कायम ठेवून फेज ० वर आणा. मग उजवा आणि मधला स्पीकरही तपासा. तिघांसाठी एकच उत्तम आकडा बहुधा मिळत नाही. तेव्हा मधल्याला झुकतं माप द्या, संवाद तिथूनच येतात.

शेवटचा ईक्यू

मिनीडीएसपी वापरत असाल तर त्यातला ईक्यू रिसीव्हरच्या कॅलिब्रेशनच्या आधी करा. विझार्डच्या ईक्यू खिडकीत पट्टा २० ते १२०, बूस्टची मर्यादा ०, म्हणजे फक्त कापणं. तीन-चार फिल्टर पुरतात. दहा लागत असतील तर सबच्या जागेकडे पुन्हा बघा.

पूर्ण सपाट बेस बहुतेकांना कोरडा वाटतो. १०० पासून ३० पर्यंत हळूहळू ४ ते ६ डेसिबल चढ द्या. त्यासाठी रिसीव्हरमधली सबची ट्रिम ३-४ ने वाढवली तरी भागतं, मात्र डायनॅमिक ईक्यू सुरू असेल तर आधी त्याच्यासह ऐका. कमी आवाजात तो बेस स्वतःच वाढवतो.

सबमधून सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर ते करेक्शनचं काम नाही. केबल टीव्हीची तार काढून बघा. रिसीव्हर आणि सब एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थ पिन मात्र कापू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, त्यात पाणी ओता आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.