नेटवर्क स्विचची रचना करताना पॅकेटचा विलंब आटोक्यात कसा ठेवावा

इथरनेट स्विचची, म्हणजे एका पोर्टावर (जोडणीच्या जागेवर) आलेले डेटाचे पॅकेट योग्य पोर्टाकडे धाडणाऱ्या उपकरणाची, रचना हाती घेताना विलंब कुठे होतो, हे सर्वप्रथम आकड्यांत मांडावे. १५१८ बाइटची पूर्ण फ्रेम (लिंकवरून जाताना पॅकेट ज्या वेष्टनात असते ते) १ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या लिंकवर पाठवायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात आणि १ किलोमीटर फायबर ओलांडायला सुमारे ५. हे दोन्ही आकडे ठरलेले असतात. क्षणोक्षणी बदलतो तो रांगेत थांबण्याचा वेळ, आणि त्याला मर्यादा घालणे हेच रचनाकाराचे खरे काम आहे.

त्यासाठी प्रत्येक पोर्टावर जास्तीत जास्त किती प्रतीक्षा चालेल हे आधी ठरवावे आणि बफरचा, म्हणजे थांबलेली पॅकेटे साठवणाऱ्या मेमरीचा, आकार त्यावरून काढावा. गिगाबिट पोर्टामागचा १ मेगाबाइटचा बफर पूर्ण भरला, तर शेवटी आलेल्या पॅकेटला ८ मिलिसेकंद थांबावे लागते. एकही पॅकेट गळू नये या काळजीपोटी बफर वाढवत नेणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण टीसीपीसाठी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याच्या प्रचलित नियमावलीसाठी, गळती ही वेग कमी करण्याची खूण असते आणि मोठा बफर ती खूण उशिरा पोहोचवतो. म्हणून रांग भरण्याची वाट न पाहता, ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच पॅकेटवर गर्दीची खूण करावी. २०१२ मध्ये पुढे आलेली कोडेल पद्धत रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती वेळ थांबले ते मोजते, आणि हा विचार अधिक नेमका आहे. मात्र तिची ५ मिलिसेकंदांची प्रचलित मर्यादा इंटरनेटच्या जोडण्यांसाठी आहे, कारखान्यातील यंत्रांसाठी ती फार सैल ठरते.

यानंतर इनपुटकडे पाहावे. तिथे एकच रांग असेल, तर पुढचे पॅकेट अडले की मोकळ्या पोर्टाकडे जाणारी मागची पॅकेटेही अडतात. अशा मोठ्या स्विचची क्षमता समान विखुरलेल्या रहदारीतही सुमारे ५८.६ टक्क्यांवर थांबते, हे १९८७ मध्येच दाखवले गेले. तेव्हा प्रत्येक इनपुटवर प्रत्येक आउटपुटसाठी स्वतंत्र रांग ठेवावी.

पॅकेटांच्या प्राधान्यासाठी इथरनेटच्या ८०२.१क्यू मानकात ३ बिट, म्हणजे ८ वर्ग मिळतात. सर्वोच्च वर्गाच्या वेगाला मर्यादा घालावी, अन्यथा खालचे वर्ग उपाशी राहतात. तरीही निघालेली मोठी फ्रेम संपेपर्यंत तातडीचे पॅकेट थांबतेच, आणि ५ स्विच ओलांडताना हे १२ मायक्रोसेकंद ६० होऊ शकतात. एवढाही विलंब चालणार नसेल, तर चालू फ्रेम मध्येच थांबवण्याची सोय करावी, किंवा ८०२.१क्यूबीव्ही मानकाप्रमाणे रांगांची दारे वेळापत्रकानुसार उघडावीत; त्यासाठी मार्गातील सर्व स्विचची घड्याळे जुळलेली असावी लागतात.

चाचणीत सरासरीवर समाधान मानू नये: सर्व पोर्टांवरून एकाच पोर्टाकडे एकाच क्षणी मोठ्या फ्रेम सोडाव्यात आणि त्या गर्दीत तातडीच्या पॅकेटला लागलेला सर्वाधिक वेळ सुरुवातीला ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा.