आइसमेकर बर्फ देत नाही? आधी ट्रेमध्ये डोकावून बघा

फ्रीजमधला बर्फ बनवणारा आइसमेकर रुसला की बरेच जण थेट नवा आइसमेकर मागवून मोकळे होतात. बदलायला तो सोपाच असतो, दोन-तीन स्क्रू आणि एक कनेक्टर. पण दोष त्याच्यात क्वचितच असतो. गडबड असते ती पाण्यात नाहीतर फ्रीजरच्या थंडीत, आणि मग नवा आइसमेकरही जुन्यासारखाच ढिम्म बसून राहतो. म्हणून बर्फाचा डबा बाहेर काढा आणि ट्रेमध्ये बघा. ट्रे कोरडा आहे, त्यात नुसतं पाणी आहे, की गोठलेला बर्फ तसाच पडून आहे? पुढे काय तपासायचं ते यावरून ठरतं.

त्याआधी किरकोळ गोष्टी उरकून घ्या. तारेची दांडी असलेल्या आइसमेकरमध्ये दांडी वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू. डब्यात एखादा खडा आडवा अडकला किंवा एखादं पाकीट दांडीखाली सरकलं, तरी आइसमेकरला वाटतं की डबा भरलाय. दांडीऐवजी प्रकाशाचा सेन्सर असेल तर त्याच्या दोन्ही काचा मऊ कापडाने पुसा. दारावरच्या पॅनेलवर ‘आइस ऑफ’ चुकून दाबलं गेलेलं नाही ना, तेही बघा. फ्रीज नवा असेल किंवा बराच वेळ बंद होता, तर पहिला बर्फ पडायला २४ तास द्या.

ट्रेमध्ये पाणी किंवा बर्फ आहे, पण पडत नाही

इथे आधी थंडी मोजायची. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे आपण मागितलेलं तापमान, आत प्रत्यक्षात किती आहे ते वेगळं असू शकतं. साधा थर्मामीटर फ्रीजरमधल्या दोन पाकिटांमध्ये रात्रभर ठेवा. तो -१८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसायला हवा. खूप जण इथेच फसतात: पाणी शून्याला गोठतं, पण ट्रे साधारण -९ ते -१० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय थर्मोस्टॅट (तापमान ओळखणारा स्विच) ‘बर्फ तयार’ असा इशारा देत नाही. फ्रीजर -१० वर रेंगाळत असेल तर हाताला बर्फ कडक लागतो, बाकीचं सामानही गोठलेलं दिसतं, आणि आइसमेकर मात्र तासन्‌तास वाट बघत बसतो. अशा वेळी दाराचं रबर, कंडेन्सर कॉइलवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर) साचलेली धूळ, सामानाने झाकलेली हवेची जाळी आणि आतला पंखा तपासा. मागच्या पॅनेलवर हिमाचा जाड थर असेल तर डीफ्रॉस्ट, म्हणजे हिम वितळवणारी यंत्रणा, काम करत नाही. तो दुरुस्त झाला की आइसमेकर आपसूक चालू होतो.

थंडी ठीक असेल तर टेस्ट बटण वापरा. पिळून बर्फ पाडणाऱ्या प्लास्टिक ट्रेच्या आइसमेकरवर ते पुढे किंवा खालच्या बाजूला असतं. साधारण ३ सेकंद दाबून धरलं की ट्रे उलटतो, परत येतो आणि पाणी भरलं जातं. खाली भांडं ठेवायला विसरू नका. ट्रे हललाच नाही तर मोटर, गिअर किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. ट्रे पिळला जातो पण खडे सुटत नाहीत, तर ट्रेवर क्षाराचा पांढरा थर चढलाय. ट्रे काढता येत असेल तर तो कोमट पाणी आणि थोड्या व्हिनेगरने धुवा. खरखरीत घासणीने घासू नका, ओरखड्यांत बर्फ आणखीच घट्ट धरतो.

धातूच्या साच्याच्या आइसमेकरमध्ये साच्याखाली हीटर असतो. तो साचा जरासा गरम करतो, मग दाते फिरून खडे बाहेर ढकलतात. दाते बर्फावर टेकून अडकले असतील तर हीटर किंवा थर्मोस्टॅट गेलाय. दाते हाताने जोर लावून फिरवू नका, गिअरचे दात तुटतात. कव्हर काढून चालू करंटवर जंपर लावायची पद्धत मेकॅनिक वापरतात, ती त्यांच्यावरच सोडा.

ट्रे कोरडा आहे

आता पाणी जिथून येतं तिथपासून मागोवा घ्यायचा. मागचा नळ पूर्ण उघडा आहे ना? फ्रीज भिंतीकडे ढकलताना पाइप मुडपला नाही ना? मग दारातल्या डिस्पेन्सरमधून ग्लास भरून बघा. ८ सेकंदांत साधारण १२० मिली पाणी यायला हवं. तिथेही धार बारीक असेल तर पुरवठ्यात किंवा फिल्टरमध्ये खोट आहे. डिस्पेन्सर झकास चालतोय आणि फक्त बर्फ नाही, तर गोठलेली फिल ट्यूब (ट्रेमध्ये पाणी सोडणारी नळी), आइसमेकरकडे जाणारा व्हॉल्व्ह किंवा स्वतः आइसमेकर, या तिघांपैकी एक.

फिल्टरचा निकाल लगेच लागतो. तो काढून त्याच्या जागी बायपास प्लग (पाणी गाळल्याशिवाय पुढे जाऊ देणारं टोपण) लावा (काही मॉडेल फिल्टर काढला तरी चालतात) आणि धार पुन्हा मोजा. फरक पडला तर फिल्टर बाद. एरवीही तो ६ महिन्यांनी बदलायचा असतो. नवा बसवल्यावर १० ते १२ लिटर पाणी वाहू द्या, नाहीतर लाइनमधल्या हवेमुळे दोन-तीन दिवस खडे लहानच पडतात.

आता फिल ट्यूब. ट्रेच्या मागच्या बाजूला, वरून पाणी सोडणारी ही छोटी नळी असते, आणि गोठून तुंबण्याची तिला भारी सवय. मोकळी करायची रीत अशी:

१. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, ट्रेखाली टॉवेल पसरा.
२. नळीचं रबरी टोक दाबून बघा. दगडासारखं लागलं तर आत बर्फ आहे.
३. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून ५ ते १० मिनिटं सतत हलवत शेक द्या. एका जागी धरला तर आतलं प्लास्टिक वाकतं. पाणी टपकायला लागलं की ड्रायर दूर घ्या.
४. ड्रायर पोचत नसेल तर सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी नळीत थोडं थोडं सोडा. स्क्रूड्रायव्हर किंवा तार मात्र खुपसू नका.

बर्फ वितळला म्हणजे काम झालं असं समजू नका. नळी गोठली का, ते शोधलं नाही तर आठवड्याभरात पुन्हा तेच. बहुतेकदा गुन्हेगार असतो इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे आइसमेकरकडे पाणी सोडणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हचा पडदा पाण्याच्याच दाबाने घट्ट बसतो. दाब कमी पडला, किंवा पडद्याखाली बारीक कचरा अडकला, की तो नीट मिटत नाही, थेंब थेंब झिरपतो आणि तो थेंब नळीच्या तोंडाशी गोठतो. बहुतेक व्हॉल्व्हना किमान २० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ बार दाब लागतो. आरओ मशीनच्या टाकीवरून लाइन घेतली असेल तर टाकी रिकामी होत आली की दाब त्याहून खाली येतो. मग व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, दाब वाढवावा लागेल.

झिरपणं ओळखायला आइसमेकर बंद करा, नळ उघडा ठेवा, ट्रे पुसून कोरडा करा आणि काही तासांनी बघा. आइसमेकर बंद असताना ट्रेमध्ये थेंब किंवा बर्फाचा पापुद्रा दिसला, तर व्हॉल्व्ह गळतोय. दाब पुरेसा असेल तर व्हॉल्व्ह बदलाच, खोलून साफ करण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर प्लग काढून, मागचं खालचं पॅनेल उघडा, कनेक्टर सोडवा आणि मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १२० व्होल्टच्या कॉइलला साधारण २०० ते ५०० ओहम येतात, २३० व्होल्टच्या कॉइलला त्याहून बरेच जास्त. मीटरवर ‘OL’ (अनंत) दिसत असेल तर कॉइल तुटली आहे.

बर्फ येतो, पण धड येत नाही

खडे लहान किंवा पोकळ असतील तर पाणी कमी पडतंय. व्हॉल्व्ह मोजून पाणी सोडत नाही, ठरावीक वेळ उघडा राहतो. आठ खड्यांच्या नेहमीच्या साच्यात सुमारे ७ सेकंदांत १४० मिली पाणी पडायला हवं. धार बारीक असेल तर तेवढ्या वेळात अर्धाच साचा भरतो. म्हणजे पुन्हा फिल्टर आणि दाब.

खडे एकमेकांना जोडून लादी झाली, किंवा डब्यात पाणी सांडतंय, तर फ्रीज लेव्हलमध्ये आहे का बघा, मग व्हॉल्व्हची गळती तपासा. डब्यातले खडे चिकटून ढेकूळ होणं हा वेगळा प्रकार: बर्फ वापरला जात नाही किंवा दारातून दमट हवा आत शिरते. आठवड्याला डबा रिकामा करा. आइसमेकर वरच्या फ्रीजच्या कप्प्यात असेल आणि त्याच्या खणात सारखं हिम साचत असेल, तर खणाचं सील सुटलंय. ते बसवल्याशिवाय नुसतं डीफ्रॉस्ट करून उपयोग नाही.

बर्फ पांढुरका दिसतो, यात बिघाड काही नाही. पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार गोठताना मधोमध अडकतात, एवढंच.

दुरुस्तीनंतर पहिले दोन-तीन ट्रे फेकून द्या आणि २४ तासांचा बर्फ वजन करून बघा. साध्या आइसमेकरकडून दिवसाला दीड किलोच्या आसपास बर्फ मिळायला हवा. थंडी आणि पाणी दोन्ही ठीक असून तो निम्म्यावर असेल, तर आता खुशाल नवा आइसमेकर मागवा.