संमोहन शिकायचंय? आधी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशक आहे, गरजेप्रमाणे संमोहन वापरते. मानसशास्त्रात एम.ए. करणारी पोरं विचारतात, "ताई, हा कोर्स करू का?" करा, पण तो स्वतंत्र धंदा समजू नका. ज्याला समुपदेशन किंवा वैद्यक आधीच नीट येतं, त्याच्याजवळचं ते एक जादा कौशल्य. शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कोणी उपचारक होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते.

पहिली भेट गैरसमज काढण्यातच जाते. "मॅडम, मी झोपलो अन् उठलोच नाई त?" हा प्रश्न ठरलेला. संमोहनात माणूस झोपत नाही. बाहेरून ट्रॅक्टर गेला तर त्याला ऐकू येतो, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं. लक्ष एका जागी गोळा होतं, बाकीचं मागं पडतं आणि दिलेली सूचना शरीर एरवीपेक्षा लवकर मानतं, एवढंच. एवढंच म्हटलं तरी थोडं नाही: 1845 मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरनं क्लोरोफॉर्म येण्याआधी रुग्णांना अशाच अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या होत्या. सगळ्यांना ते सारखं जमत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के लोक सहज खोल जातात, काही जवळपास जातच नाहीत, बाकी मधले. 1959 पासून हे मोजायला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची मोजपट्टी आहे.

पद्धत साधी आहे. नजर एका ठिकाणी, संथ श्वास, पायापासून डोक्यापर्यंत अंग सैल, आकडे मोजत खोल जाणं, मग सूचना, शेवटी हळूहळू परत आणणं. कठीण आहे ती भाषा. पुस्तकातलं "हिरव्यागार शेतात उभे आहात" इथल्या शेतकऱ्यासमोर वाचू नका. शेत म्हटलं की त्याला बोंडअळी आठवते, पीककर्ज आठवतं आणि श्वास उलट चढतो. निवांत जागा त्यालाच विचारा. कोणी मामाचं गाव सांगतं, कोणी देवळाचा ओटा. हात जड होतो म्हणायचं तर दिवसभर कापूस वेचून आल्यावर होतो तसा म्हणा, बायांना लगेच कळतं.

उपयोग कशात? सगळ्यात भक्कम पुरावा आतड्याच्या त्रासाचा. तपासण्या साफ, तरी पोट दुखतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, अशा रुग्णांवर इंग्लंडात मँचेस्टरला संमोहनाचा प्रयोग झाला आणि 1984 मध्ये त्याचे चांगले निकाल छापून आले. वेदना, दात काढायची किंवा सुईची भीती, परीक्षेची धडधड यातही मदत होते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडवायला मात्र लोक फार आशेनं येतात. सिगारेटबाबतच पुरावा कच्चा आहे, खर्र्याची हमी कुठून देणार? मी ते पैसे घेण्याआधी सांगते. काही उठून जातात, जाऊ द्यावं.

एक काम कधीही घेऊ नका. "करणी कोणं केली, ते याच्या तोंडून काढून द्या." संमोहनात आठवण अचूक होत नाही, मन रिकाम्या जागा कल्पनेनं भरतं आणि माणूस ते खात्रीनं बोलतो. असं निघालेलं एक नाव गावात एखाद्या म्हातारीच्या जिवावर बेतू शकतं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कशासाठी आला, ते इथं समजतं.

ज्याला आवाज ऐकू येतात, संशय येतात, त्याला संमोहन देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. चालू गोळ्या बंद करा असं तर तोंडातूनही काढू नका. कर्जात बुडालेला माणूस "झोप येत नाई" म्हणत येतो, तेव्हा आधी मरणाचे विचार येतात का ते स्पष्ट विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय ते विचारा, घरच्यांना कुलपात ठेवायला सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथं टाकून द्या. त्या दिवशी संमोहन नाही.

बाई पेशंट असेल तर घरचं कोणी दिसेल असं बसवा. सूचना तिच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, रोज घरी ऐकता येतात. कापसाच्या हंगामात पुढची भेट कधी होईल याचा नेम नसतो.