एच-फोर व्हिसावर असताना नवरा मारहाण करत असेल तर काय करावं?

‘पोलिसांना फोन केलास तर तुलाच परत पाठवतील.’ अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या कितीतरी बायका या एका वाक्याच्या धाकात दिवस काढतात. तुमचा व्हिसा त्याच्या नोकरीमुळे मिळालाय हे खरं, पण तुम्हाला देशाबाहेर काढायचा अधिकार त्याला नाही. मार खाणाऱ्या माणसासाठी तिथल्या कायद्यात वेगळ्या वाटा आहेत.

आधी जीव सांभाळा. धोका असेल तर ९११ या तातडीच्या नंबरवर फोन करा. पोलीस दारात येतात तेव्हा नवरा सफाईदार इंग्रजीत ‘किरकोळ भांडण झालं’ म्हणतो, तुम्हाला रडू आवरत नाही, आणि रिपोर्टमध्ये त्याचंच म्हणणं उतरतं. म्हणून हे तीन शब्द पाठ करून ठेवा : ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’ फोनवर दुभाषा जोडून देता येतो. त्याच्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत बोलायचंय असं सांगा. वळ, सूज दाखवा. जाताना रिपोर्टचा नंबर नक्की मागून घ्या, पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे.

मग कागद. पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची मंजुरीची नोटीस), लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो काढून त्याला ठाऊक नसलेल्या ईमेलवर किंवा विश्वासाच्या बहिणीकडे पाठवा. डॉक्टरकडे गेलात तर दुखापत कशी झाली ते खरं सांगा, तिथली नोंद पुरावा ठरते. काय घडलं ते तारीखवार लिहून काढा, आणि मराठीतच लिहा. मोडक्या इंग्रजीत निम्मं राहून जातं. इंग्रजी भाषांतर प्रमाणपत्रासह नंतर जोडता येतं.

कोणती वाट घ्यायची, हे नवऱ्याच्या स्टेटसवर ठरतं. तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या ‘वावा’ कायद्याखाली आय-३६० हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. त्याची सही लागत नाही, फी नाही. घटस्फोट झाला असला तरी तो छळामुळे झालेला असेल तर दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.

तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर ‘वावा’चा हा अर्ज चालत नाही. मात्र आय-७६५व्ही या फॉर्मवर कामाचा परवाना मागता येतो. हातात स्वतःचे चार पैसे येणं ही मोठी गोष्ट आहे, पण हा परवाना म्हणजे व्हिसा नव्हे.

स्वतःच्या नावावरच्या स्टेटससाठी यू व्हिसा आहे. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग अशा ठरावीक गुन्ह्यांत सोसावं लागलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी तो २००० साली आला. अर्ज आय-९१८, फी नाही. खरी कसोटी त्याला जोडायच्या ‘सप्लिमेंट बी’ या फॉर्मची : तुम्ही सहकार्य केलं, असं पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशांनी लिहून द्यावं लागतं. त्या सहीनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला पाहिजे, म्हणून बाकी सगळं तयार ठेवूनच सही मागा. वर्षाला मूळ अर्जदारांसाठी १०,००० व्हिसांची मर्यादा असल्याने रांग अनेक वर्षांची आहे. २०२१ पासून मात्र प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच कामाचा परवाना मिळू शकतो. यू स्टेटसमध्ये तीन वर्षं तिथे राहिल्यावर ग्रीनकार्डसाठी अर्ज करता येतो. या अर्जाची माहिती नवऱ्याला देण्यास अधिकाऱ्यांना कायद्याने मनाई आहे.

दोन ठिकाणी घाई करू नका. घटस्फोटाच्या कागदावर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका, कारण घटस्फोट झाला की एच-फोर संपतो. वकील खराखुरा परवानाधारक हवा, ‘व्हिसा कन्सल्टंट’ नव्हे. आणि ‘चल, दिवाळीला घरी जाऊन येऊ’ म्हणून तिकीट समोर आलं तर सावध व्हा. बायकोला माहेरी सोडून, तिचा पासपोर्ट घेऊन एकट्याने परतलेले नवरे आहेत.

एकटीने हे करू नका. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ वर दुभाषा मिळतो. न्यू जर्सीत ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात. फोन करताना शेजारणीचा वापरा, बिलात नंबर दिसतो.

आणि तुम्हाला आधीच सांगलीला नाहीतर नाशिकला आणून सोडलं असेल, तरी गुन्हा अमेरिकेत घडलेला असल्यास यू व्हिसाचा अर्ज भारतातूनही करता येतो. तो रिपोर्ट नंबर शोधा.